चढावर उभे राहा: नॉर्डिक स्कीची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

फालुनला पहिल्यांदा स्कीची शर्यत बघायला गेलो तेव्हा मी जीन्स घातली होती. पायात धावायचे बूट, खिशात रोख पाचशे क्रोनर आणि हातात फिनिश लाइनसमोरच्या खुर्चीचं तिकीट. चारही गोष्टी चुकल्या. जीन्स अर्ध्या तासात गुडघ्यापर्यंत ओली होऊन पत्र्यासारखी कडक झाली. बुटांतून थंडी वर चढली. कॉफीवालीने नोट घ्यायला गोड हसून नकार दिला. आणि खुर्चीवरून दिसलं काय, तर माणसं निघाली आणि पंचवीस मिनिटांनी माणसं आली. मधलं सगळं मोठ्या पडद्यावर. तो पडदा घरीही दिसला असता, पांघरुणात बसून.

त्यानंतर बरेच हिवाळे गेले. आता स्टॉकहोममध्ये नवीन आलेली मराठी मंडळी विचारतात, "२०२७ ला फालुनमध्ये ते स्कीचं काहीतरी मोठं आहे म्हणे, जायचं का?" जायचंच. पण माझ्यासारखं नको. म्हणून हे सविस्तर लिहितोय. भारतातून टीव्हीवर किंवा फोनवर बघणाऱ्यांनाही यातला निम्मा भाग उपयोगी पडेल.

पायरी १: नेमकं काय बघायचंय ते ओळखा

आपल्या डोक्यात क्रिकेट असतं, त्यामुळे "वर्ल्ड कप" म्हणजे सगळ्यात मोठं असं वाटतं. इथे उलटं आहे. स्कीचा वर्ल्ड कप दर हिवाळ्यात गावोगाव फिरतो आणि त्यात गुण साठत जातात. खरी प्रतिष्ठेची ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी. पहिली १९२५ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या एका छोट्या गावात झाली. अलीकडे २०२३ ला स्लोव्हेनियातलं प्लानिका, २०२५ ला नॉर्वेतलं ट्रोंडहाइम आणि आता २०२७ ला फालुन. स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते.

या एका नावाखाली तीन खेळ आहेत: क्रॉस-कंट्री, म्हणजे बर्फावरून चढ-उताराची लांब शर्यत, स्की जंपिंग, म्हणजे उंच घसरगुंडीवरून उडी, आणि दोन्ही एकाच माणसाने करायचं ते नॉर्डिक कंबाइन्ड. हिंदी सिनेमात गुलाबी स्वेटर घालून डोंगरावरून वळणं घेत खाली येतात ते अल्पाइन. त्याचा इथे काही संबंध नाही.

पायरी २: खोली आधी, तिकीट नंतर

फालुन हे डालार्ना प्रांतातलं लहान शहर, स्टॉकहोमपासून साधारण २२० किलोमीटर. थेट रेल्वे आहे, पावणेतीन तासांच्या आसपास. गावाचं नाव पूर्वी तांब्याच्या खाणीमुळे होतं. ती खाण आज युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे आणि स्वीडनभर दिसणारी ती तांबडी लाकडी घरं ज्या रंगाने रंगवतात तो रंग याच खाणीच्या मातीतून आला. शर्यती होतात लुग्नेट या मैदानावर. १९५४, १९७४, १९९३ आणि २०१५ अशी चार वेळा ही जत्रा इथे भरून गेली आहे.

गाव लहान असल्यामुळे खरी मारामारी खोल्यांची. त्यात एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: स्टॉकहोमच्या शाळांना वर्षाच्या नवव्या आठवड्यात हिवाळी सुट्टी असते आणि २०२७ मध्ये तो आठवडा १ ते ७ मार्च आहे. म्हणजे निम्मं स्टॉकहोम त्याच गाड्यांनी डालार्नाकडे निघणार. शिवाय सालेन ते मोरा ही ९० किलोमीटरची प्रसिद्ध वासालोपेत शर्यत याच प्रांतात, आणि तिचा परंपरेचा दिवस मार्चचा पहिला रविवार. फालुनमध्ये खोली मिळाली नाही तर बोरलेंगे बघा, ते पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तिथेही नसेल तर पहाटेची गाडी पकडून त्याच दिवशी परत या. मी दोनदा केलंय. दमछाक होते, पण होतं.

भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. हे डिसेंबरवर ढकलू नका.

आता तिकीट. इथेच माझा मुख्य मुद्दा येतो, आणि तो मी पुढेही धरून बसणार आहे: क्रॉस-कंट्रीसाठी खुर्ची घेऊ नका. ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं तिकीट बहुधा स्वस्तही असतं आणि चांगलंही. बैलगाडा शर्यत बघायला गेलेला माणूस निकालाच्या टेबलाशी बसत नाही, घाटाच्या कडेला उभा राहतो. वारीचंही तसंच, लोक दिवे घाटात जातात. कारण चढावर माणूस लपत नाही. फालुनमध्ये असा चढ आहे आणि त्याचं नाव आहे मोर्डारबाकेन, सरळ मराठीत खुनी चढ.

पायरी ३: थंडीशी भांडू नका

धावणारा गरम असतो, बघणारा गार. शून्याखाली पाच अंश हे चालताना काहीच वाटत नाही, पण तीन तास उभं राहिलं की हाडांत शिरतं. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर जाड लोकरी किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घरी. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तोच घाम तुम्हाला गारठवतो. बूट एक माप मोठे घ्या, म्हणजे दोन मोजे घालूनही बोटं हलतील. घट्ट बुटात कितीही मोजे घातले तरी पाय बधिर होतात.

स्वीडिश लोकांच्या पाठपिशवीत एक फोमची घडीची बसकूर असते, रद्दीच्या भावात मिळते. बसायला तर हवीच, पण उभं असताना पायाखाली घातली की बर्फ आणि तळवा यांच्यात एक भिंत उभी राहते. माझ्या मते ही सगळ्या यादीतली सर्वोत्तम खरेदी. फोन आतल्या खिशात, छातीपाशी ठेवा. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट मान टाकते, आणि तुमचं परतीचं तिकीट त्यातच असतं. पैसे कार्डाने.

खायला सॉसेज, दालचिनीचे बन आणि गरम निळ्या बेरींचं गोडसर सूप मिळतं. शाकाहारी असाल तर तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमध्ये चहा न्या. आत काय नेता येतं याचा नियम मात्र तिकिटाबरोबर वाचून घ्या.

पायरी ४: क्रॉस-कंट्री वाचायला शिका

आधी दोन शैली ओळखा. क्लासिकमध्ये बर्फात कोरलेल्या दोन समांतर खाचांतून स्की पुढे-मागे जातात, हात-पाय चालण्याच्या लयीत. फ्री म्हणजे स्केटिंग: खाचा सोडून, स्की फाकवून, बाजूला रेटा देत पुढे जायचं. फ्री जास्त वेगवान आहे. ही शैली १९८० च्या दशकात अमेरिकेच्या बिल कॉकने पुढे आणली आणि इतकी पसरली की क्लासिक बुडेल अशी भीती निर्माण झाली. १९८७ पासून जागतिक स्पर्धेत शर्यतीच वेगळ्या केल्या: काही क्लासिकच्या, काही फ्रीच्या. क्लासिकच्या शर्यतीत स्केटिंग केलं तर पंच पकडतात. प्रत्येक स्पर्धेला साधारण अदलाबदल होते. गेल्या खेपेला स्प्रिंट फ्री असेल तर या खेपेला क्लासिक. वेळापत्रकात आधी हे बघा, कारण त्यावर आवडता खेळाडू कोण हे ठरतं.

क्लासिकची स्की हातात घेऊन बघायची संधी मिळाली तर सोडू नका. ती सपाट नसते, धनुष्यासारखी कमान असते. दोन्ही पायांवर वजन असताना मधला भाग बर्फाला टेकत नाही. सगळं वजन एका पायावर टाकून दाबलं की टेकतो. त्या मधल्या भागाला चिकट वॅक्स लावतात, ते क्षणभर बर्फ धरतं आणि त्यावर पाय रोवून माणूस पुढे जातो. पुढच्या-मागच्या भागाला निसरडं वॅक्स. म्हणजे एकाच पट्टीने एकदा धरायचं आणि एकदा सोडायचं. चिकट वॅक्स कमी पडलं तर चढावर पाय मागे सटकतो, जास्त झालं तर उतारावर स्की अडखळते. तापमान शून्याच्या आसपास आणि वरून ताजा बर्फ पडतोय, हा वॅक्सवाल्यांचा सर्वात वाईट दिवस. देशोदेशीची पथकं ट्रकभर सामान घेऊन आलेली असतात आणि पहाटेपासून स्की तपासत बसतात. फ्लोरिनयुक्त वॅक्स सर्वात निसरडं होतं, पण आरोग्याला आणि पर्यावरणाला घातक, म्हणून २०२३-२४ च्या मोसमापासून त्यावर बंदी आहे. आता शर्यतीआधी स्की यंत्राने तपासतात.

वॅक्सचं यशापयश खुर्चीवरून दिसत नाही, चढावर दिसतं. खुनी चढाच्या मधोमध दोरीला टेकून उभे राहा. आधी आवाज येतो: काठ्यांची टोकं कडक बर्फात रुततात, टक्-टक्, टक्-टक्. मग श्वास. दोन हातांवरून जाणाऱ्या माणसाचा श्वास इतका मोठा ऐकू येतो की पहिल्यांदा मी दचकून मागे सरकलो होतो. तोंडाला लाळेची बर्फाळ दोरी, पापण्यांवर पांढरा थर. आणि पाय बघा: एकाची स्की दाबली की जागच्या जागी धरतेय, त्याच्या मागच्याची प्रत्येक पावलाला बोटभर मागे घसरतेय. मागच्याचा चेहरा कितीही शांत असो, त्याचं आज काही खरं नाही. कडेने प्रशिक्षक धावत असतो, हातात फोन, ओरडून सांगतो: पुढच्यापासून चार सेकंद, तीन सेकंद.

शर्यतींचे प्रकार बरेच आहेत. सगळे पाठ करू नका, एवढे पुरेत.

एकेकट्याने सुटायची १० किलोमीटर. दर ३० सेकंदांनी एक जण सुटतो, घड्याळाशी शर्यत. नवख्यांना ही कंटाळवाणी वाटते, कारण पुढे असलेला जिंकत असेलच असं नाही. यावर उपाय सोपा आहे. स्वतःच्या घड्याळात बघा: लागोपाठच्या क्रमांकाचे दोघे तुमच्यासमोरून ३० ऐवजी २२ सेकंदांच्या फरकाने गेले, तर मागच्याने आठ सेकंद कमावले. दोन आवडते खेळाडू निवडून पूर्ण शर्यत अशी मोजा, पडद्याकडे बघावंसंही वाटणार नाही. या शर्यतीत हवामान किती खेळ करतं याचं उदाहरण फालुनचंच. २०१५ च्या महिलांच्या १० किलोमीटर फ्रीला ओला बर्फ कोसळत होता, ट्रॅक मिनिटागणिक जड होत होता. मारिट ब्योर्गेन आणि थेरेसे योहाउग या नॉर्वेच्या दिग्गज पहिल्या विसातही आल्या नाहीत, दोन अमेरिकन मुलींनी रुपेरी आणि कांस्य पदक नेलं, आणि स्वीडनची शार्लोट काला घरच्या मैदानावर सर्वांच्या पुढे. आजही फालुनमध्ये कोणी पन्नाशीतला माणूस गप्पा मारायला लागला की तो दिवस निघतोच.

स्प्रिंट साधारण दीड किलोमीटरची. सकाळी पात्रता, त्यातले पहिले ३० पुढे. मग सहा-सहा जणांच्या पाच फेऱ्या, प्रत्येकीतले पहिले दोन आणि सर्वांत जलद हरलेले दोन उपांत्य फेरीत, शेवटी सहा जणांची अंतिम. तीन मिनिटांत निकाल, मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी हाच दिवस. लहानग्यांचं लक्ष तेवढंच टिकतं. खरं तर माझंही.

रिले चौघांची, प्रत्येकी ७.५ किलोमीटर, पहिले दोघे क्लासिक, नंतरचे दोघे फ्री. हातात बॅटन नसतो. खो-खोत खो देतात तसा पुढच्याच्या अंगाला हात लावायचा. नॉर्वे आणि स्वीडन शेवटच्या टप्प्यावर एकत्र असले तर आजूबाजूच्या आज्ज्यासुद्धा काय बोलतात ते समजून घेण्याच्या फंदात पडू नका.

स्किअ‍ॅथलॉन २० किलोमीटरची: अर्धी क्लासिक, मग उभ्या उभ्या स्की बदलायच्या, अर्धी फ्री. आणि शेवटी सर्वांनी एकदम सुटायची ५० किलोमीटर. दोन तासांची गोष्ट. पहिला तास कोणीच काही करत नाही असं वाटतं, कारण पुढचा वारा कापतो आणि मागचे त्याच्या आडोशाने शक्ती वाचवतात. हा तास सूप प्यायचा. महिलांना जागतिक स्पर्धेत ही ५० किलोमीटर पहिल्यांदा मिळाली ती २०२५ ला. ट्रोंडहाइममध्ये ती स्वीडनच्या फ्रीदा कार्लसनने जिंकली.

आणि त्याच ट्रोंडहाइममध्ये त्या गावच्या योहान्नेस क्लेबोने पुरुषांच्या सहाच्या सहा शर्यती जिंकल्या. स्प्रिंटपासून ५० किलोमीटरपर्यंत. शंभर मीटर आणि मॅरेथॉन एकाच आठवड्यात जिंकल्यासारखंच जवळपास. त्याची खूण चढावर कळते: बाकीचे स्की घसरवत चढतात, हा अक्षरशः धावतो, छोटी-छोटी पावलं उचलत. पण त्याचंही एकदा बिनसलं होतं. २०२१ ला ओबर्स्टडॉर्फमध्ये ५० किलोमीटरच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात रशियाच्या बोल्शुनोव्हशी धक्का लागला, बोल्शुनोव्हची काठी मोडली, क्लेबो पहिला आला आणि पंचांनी त्याला बाद केलं. सुवर्ण गेलं त्याच्याच देशाच्या एमिल इवेर्सेनला. तेव्हा शेवटच्या शंभर मीटरमध्ये कोण कुठली रांग बदलतो हेही बघत जा. अंतिम रेषेवर सगळे एक पाय पुढे फेकतात. घाबरू नका, कोणी पडत नाहीये. बुटाचं टोक आधी कोणाचं ओलांडतं त्यावर निकाल असतो.

पायरी ५: उडी बघताना आकडे कमी, वारा जास्त

स्की जंपिंगला खुर्ची चालेल. पण अगदी तळाशी नको. तळाशी चेहरे दिसतात, उडी दिसत नाही. उताराच्या बाजूला, मध्यावर जिथे जागा मिळेल तिथे थांबा.

पहिला गैरसमज: टोकाला उंचवटा असतो आणि त्यावरून माणूस वर उडतो. नाही. ते टोक चक्क खालच्या बाजूला, साधारण अकरा अंशांनी झुकलेलं असतं. ताशी नव्वदच्या आसपास वेगाने येऊन, बसक्या अवस्थेतून नेमक्या क्षणी पाय ताणून तो स्वतःला हवेत लोटतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत ते होऊन जातं, आणि उडीचं भवितव्य तिथेच ठरलेलं असतं. पुढे जे दिसतं ते उताराला समांतर तरंगणं. बाजूला उभे असाल तर जवळून जाताना जाड कापड फाडावं तसा आवाज येतो. टीव्हीवर तो कधीच येत नाही.

गुणांचा हिशोब एकदा हाताने करून बघा, नंतर भीती जाते. उडीच्या उताराला टेकडी म्हणतात. प्रत्येक टेकडीवर एक के-पॉइंट, म्हणजे ठरावीक अंतरावरची रेघ, आखलेला असतो. तिथे उतरलं की ६० गुण. मोठ्या टेकडीवर पुढच्या प्रत्येक मीटरला १.८ गुण वाढतात, अलीकडे उतरलं तर तेवढेच कमी. लहान टेकडीवर मीटरला २ गुण. समजा के-पॉइंट १२० मीटरवर आहे आणि उडी १३० मीटर: ६० अधिक १८, म्हणजे ७८. शैलीसाठी पाच पंच प्रत्येकी वीसपैकी गुण देतात, सर्वात जास्त आणि सर्वात कमी सोडून द्यायचे. १७.५, १८, १८.५, १८.५, १९ असे असतील तर ५५. एकूण १३३. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, हे टेलिमार्क. ते साधलं नाही तर शैलीचे गुण जातात, उडी कितीही लांब असो.

मग वारा. पतंग उडवलेल्या माणसाला सांगायला नको: समोरून वारा आला तर उचलतो, मागून आला तर पाडतो. म्हणून समोरच्या वाऱ्याचे गुण वजा होतात, मागच्या वाऱ्याचे मिळतात. तसंच खेळाडू ज्यावरून सुटतो ते बाक वर-खाली केलं तर त्याचाही हिशोब होतो. २००९ च्या आधी हे नव्हतं, वारा फिरला की फेरी थांबवून पुन्हा सुरू करायचे. आज त्यामुळे अशी गंमत होते की पाच मीटर कमी उडालेला माणूस वरचढ ठरतो आणि शेजारचा नवखा प्रेक्षक "अरे हे काय!" म्हणतो. पडद्यावर उतारावर एक हिरवी रेघ दिसते, तिच्यापलीकडे उतरलं तर आघाडी. बहुतेक वेळा तेवढंच बघितलं तरी चालतं. उडीआधी वर बघा: खेळाडू बाकावर बसलाय, दिवा लाल, मग पिवळा, मग हिरवा. हिरवा झाला की प्रशिक्षक झेंडा खाली करतो. त्या काही सेकंदांत प्रशिक्षक वाऱ्याशी जुगार खेळत असतो.

स्की पुढे फाकवून व्ही करतात, ती पद्धत स्वीडनच्या यान बोक्लव्हची. तोवर सगळे स्की जुळवून उडायचे, आणि पंच त्याचे शैलीचे गुण निर्दयपणे कापायचे. तरी १९८८-८९ चा वर्ल्ड कप त्याने जिंकला. काही वर्षांत सगळे तसंच उडू लागले, कारण फाकवलेल्या स्कींवर हवा जास्त तोलते.

महिलांना या खेळात जागतिक स्पर्धेचं दार उघडलं ते थेट २००९ ला, चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्समध्ये. पहिली विजेती अमेरिकेची लिंडसी व्हॅन. ऑलिंपिकला त्यासाठी २०१४ उजाडलं.

निकाल लागल्यावर लगेच टाळ्या वाजवून निघू नका, सूटची तपासणी बाकी असते. सूट थोडा सैल किंवा कडक असला तरी तो शिडासारखा काम करतो, म्हणून मोजमाप काटेकोर. ट्रोंडहाइममध्ये यजमान नॉर्वेच्या पथकाने सूटच्या शिवणीत नियमबाह्य फेरफार केल्याचा व्हिडिओ बाहेर आला, मोठ्या टेकडीवर रुपेरी पदक मिळवलेला त्यांचा खेळाडू बाद झाला आणि पथकाने चूक मान्य केली. शिंप्याच्या सुईने घडवलेलं असं नाट्य दुसऱ्या कुठल्या खेळात असेल असं वाटत नाही.

पायरी ६: एकच दिवस असेल तर

मग नॉर्डिक कंबाइन्ड निवडा. याला सर्वात कमी गर्दी असते आणि नवख्याला सर्वात लवकर कळतं. आधी उडी, मग त्याच दिवशी क्रॉस-कंट्री, पुरुषांना १० आणि महिलांना ५ किलोमीटर. उडीतला एक गुण म्हणजे चार सेकंद. दहा गुणांची आघाडी असेल तर चाळीस सेकंद आधी सुटायचं. मग काही हिशोबच उरत नाही, जो पहिला रेषेवर तो पहिला. चांगला उडणारा पुढे पळतोय आणि चांगला धावणारा मागून अंतर खातोय, हे चढावरून बघताना पोटात गोळा येतो. महिलांचं कंबाइन्ड जागतिक स्पर्धेत २०२१ पासून आहे, २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये मात्र त्यांना जागा दिली नाही. त्याबद्दल त्या खेळाडू उघड बोलतात, आणि बोलायलाच हवं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: तेव्हा स्वीडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथली दुपारची बाराची शर्यत म्हणजे आपल्याकडे साडेचारचा चहा.

पायरी ७: पहिल्या दिवशीची शर्यत चुकवू नका

सुरुवातीला एक पात्रता शर्यत असते. ज्यांच्याकडे पुरेसे गुण नाहीत अशा खेळाडूंसाठी, म्हणजे बहुतेक अशा देशांसाठी जिथे बर्फ एक तर नाही किंवा त्यावर पैसा नाही. भारताचे खेळाडू आले तर बहुधा इथे दिसतात, आणि ते बरेचदा लष्करातून किंवा लडाख, काश्मीर, हिमाचलकडून आलेले असतात. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटर धावलेला जगदीश सिंग हा लष्करातलाच. २०१७ ला फिनलंडमधल्या लाहतीत व्हेनेझुएलाचा एक जण असा आला होता की त्याचा सराव सगळा चाकांच्या स्कीवर झालेला. तो पुन्हा पुन्हा पडला, जगभर त्याचे व्हिडिओ फिरले आणि लोक हसले.

या शर्यतीला स्टेडियम रिकामं असतं, आवाज लांबपर्यंत जातो. छातीवरचा क्रमांक यादीत बघून नावाने हाक मारा. स्वीडिश लोक "हेया, हेया" म्हणतात, तुम्ही "चल, चल" म्हटलंत तरी चालतं. चढावर मराठीत ओरडल्यावर एका भारतीय खेळाडूने मान वळवून बघितलं होतं. नंतर कळलं की त्याला मराठी येत नव्हतं, पण "चल" समजलं.

शेवटच्या दिवशी गाडीला वेळ असेल तर भाड्याच्या क्लासिक स्की घेऊन सपाटीवर अर्धा तास काढा. तुम्ही पडणार. पडल्यावर आधी काठ्या हातातून सोडा. कुशीवर वळा, दोन्ही स्की एकमेकींना समांतर आणि उताराला आडव्या करा, मग गुडघ्यावर या, मग उठा. आणि काही झालं तरी त्या दोन कोरलेल्या खाचांवरून बूट घालून चालू नका. मागून एखादी सत्तरीची आजी येत असेल, आणि या एका बाबतीत स्वीडनमध्ये कोणी गोड हसत नाही.